अल्बेरुनीचे सीमोल्लंघन

गझनीच्या महमूदाचे नाव घेतले की स्वाऱ्या, लूट आणि सोमनाथचा विध्वंस डोळ्यांसमोर येतो. परंतु त्याच महमूदाच्या दरबारी असा एक विद्वान होता, की ज्याने हिंदुस्थानातून केवळ ज्ञान वेचून नेले. तो विद्वान म्हणजे अल्बेरुनी.

मध्य आशियातील ख्वारिज्म प्रांतात ९७३ साली त्याचा जन्म झाला. गणित व ज्योतिष हे त्याचे आवडीचे विषय. १०१७ साली महमूदाने ख्वारिज्म जिंकले आणि अल्बेरुनीला गझनीस नेले. मायदेशास मुकलेला हा पंडित पुढे पंजाबात आला. नंदना येथील किल्ल्यावर त्याने क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली आणि वयाची चाळिशी उलटल्यावर संस्कृतच्या अभ्यासास स्वतःला वाहून घेतले.

हिंदुस्थानाविषयीचा त्याचा थोर ग्रंथ १०३० च्या सुमारास सिद्ध झाला. येथील तत्त्वज्ञान, चालीरीती व कालगणना त्याने येथल्याच ग्रंथांच्या आधारे मांडली. महमूदाच्या स्वाऱ्यांमुळे विद्या जिंकलेल्या प्रदेशातून काश्मीर-काशीकडे निघून गेली, हेही त्याने निर्भीडपणे नमूद केले. पतंजलीचे योगशास्त्र त्याने अरबीत नेले. उलटपक्षी युक्लिडची भूमिती व टॉलेमीचे ज्योतिष संस्कृतात आणण्याचाही उद्योग आरंभिला.

येथील विद्वानांचा एक दोष मात्र त्याला खटकला. आपल्या देशाबाहेर शास्त्र असू शकते, हेच त्यांना मान्य होत नसे. त्यांचे पूर्वज इतके संकुचित नव्हते, हे सांगताना त्याने वराहमिहिराचा दाखला दिला. शास्त्रात पारंगत असलेले यवनही सन्मानास पात्र आहेत, असे वराहमिहिराने मानले होते. ग्रीकांचे ज्योतिष अशा उदार वृत्तीनेच येथे रुजले. पुढे आठव्या शतकात भारतीय ज्योतिष बगदादला पोहोचले, तर येथील अंक अरबांमार्फत युरोपात गेले. अल्बेरुनी या अखंड देवघेवीचाच वारस होता.

अकराव्या शतकाच्या मध्यास गझनी येथे त्याचा अंत झाला. महमूदाने नेलेले धन केव्हाच सरले. अल्बेरुनीने नेलेल्या ज्ञानाने मात्र या भूमीचे काहीच उणे झाले नाही. उलट अकराव्या शतकातील हिंदुस्थान जाणून घ्यावयाचा, तर आजही अभ्यासकास त्याचाच ग्रंथ उघडावा लागतो. परक्याकडून शिकण्यात ज्या समाजाला कमीपणा वाटू लागतो, त्या समाजाने हे चरित्र अवश्य आठवावे.