शेठ जमनालाल बजाज

वर्धा जिल्ह्यांतील आपल्या धर्मबांधवांना शेठ जमनालाल बजाज यांचें नांव अपरिचित नाहीं. परंतु त्यांच्या दातृत्वाचा एक विशेष सहसा ध्यानांत येत नाहीं, म्हणून त्यांचें अल्प चरित्र येथें देण्याचें आम्ही योजिलें आहे.

जमनालालांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं राजपुतान्यांत, सीकरजवळील काशी का बास या खेड्यांत झाला. वर्ध्याचे मारवाडी सावकार शेठ बच्छराज यांनीं त्यांस लहानपणींच नातू म्हणून दत्तक घेतलें. म्हणजे ज्या संपत्तीचे ते धनी झाले, ती त्यांना दुसऱ्याच्या हातून मिळाली होती. सतरा वर्षांचे असतां एका लग्नास दागिने घालून जाण्याचें त्यांनीं नाकारलें. आजोबा संतापले व आपल्या पैशाची आठवण देऊं लागले. तेव्हां जमनालालांनीं साऱ्या मिळकतीवरील हक्क लिहून सोडला व घराबाहेर पाऊल टाकलें. पुढें समजूत घालून त्यांना परत आणण्यांत आलें खरें. पण दिलेलें बोलून दाखविलें म्हणजे घेणाऱ्यास किती जड होतें, हें त्यांनीं त्या वयांतच भोगलें. त्यांच्या पुढील वर्तनाचें मूळ आम्हांस येथेंच दिसतें.

१९२१ सालीं वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठीं त्यांनीं एक लाख रुपये दिले. सरकारनें दिलेली रायबहादुर ही पदवीहि असहकाराच्या त्या दिवसांत सोडून दिली. आजोबांनीं बांधलेलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर त्यांनीं जुलै १९२८ मध्यें अस्पृश्यांस खुलें केलें आणि स्वजातीयांचा रोष पत्करिला.

१९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ निघाला. त्यास शेटजींनीं आपली बाग व बंगला देऊन टाकला. या स्मरणिकेंत देणगीदारांची यादी आहे, व ती असावीच. परंतु त्या जागेस नांव पडलें तें गांधीजींचे दिवंगत पुतणे मगनलाल यांचें. मगनवाडींत संघाचे चिटणीस म्हणून आले ते तंजावरकडील ख्रिस्ती गृहस्थ जे. सी. कुमारप्पा. त्याच वर्षीं सरहद्दीचे पठाण पुढारी खान अब्दुल गफारखान शेटजींकडे पाहुणे होते. मुंबईच्या ख्रिस्ती मंडळींपुढें केलेल्या भाषणाबद्दल डिसेंबरांत त्यांना वर्ध्यासच अटक झाली. मारवाडी, तामीळ, पठाण. कोणाचें अन्न वेगळें, कोणाची प्रार्थना वेगळी. तरी पाहुण्यानें आपल्यासारखें व्हावें ही अट शेटजींनीं घातली नाहीं.

सर्वांत अवघड दान मात्र शेगांवचें. वर्ध्यांतील सोयी सोडून १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी त्या खेड्यांत राहावयास गेले. स्नेह्यांस हें रुचलें नव्हतें. गांवाचा बराच भाग शेटजींच्या मालकीचा. मनांत आणते तर तेथें वाडा उभा राहिला असता. पण मागणी होती साध्या झोपडीची, गांवच्याच माती-बांबूची. इंग्रज आरमारी सेनापतीची कन्या मीराबेन तेथें आधींपासूनच राहत होती. देणाऱ्यास जें द्यावेंसें वाटतें तें बाजूस ठेवून, घेणाऱ्यास जें हवें तेंच देणें हें लक्षाधीशास सोपें नसावें, असें आम्हांस वाटतें. शेटजींनीं तें केलें. १९४० सालीं शेगांवचें नांव सेवाग्राम झालें.

पवनार येथील धाम नदीवरचा बंगला त्यांनीं १९३८ मध्यें विनोबांच्या स्वाधीन केला. स्वतः मात्र अखेरचे दिवस गोसेवेचें काम करीत वर्ध्याच्या गोपुरींत एका झोपडींत काढले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं ते वारले.