रानांतील मुक्कामाचें भाडें

‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८५० सालीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं जन्मला. बाळपणापासून फुप्फुसांच्या विकारानें तो क्षीण झाला होता. तथापि त्याची भ्रमणाची हौस मोठी होती.

१८७८ च्या सप्टेंबरांत तो फ्रान्समधील सेव्हेन नांवाच्या डोंगराळ मुलखांत पायीं निघाला. कोणत्या रात्रीं कोठें उतरावयाचें, हें ठरलेलें नव्हतें. म्हणून निजावयास त्यानें एक मोठी पिशवी शिवून घेतली व ती वाहण्यास मॉडेस्टीन नांवाची गाढवी विकत घेतली. एके रात्रीं अंधारांत तो वाट चुकला. खेडुतांनीं वाट दाखविण्याचें नाकारलें, तेव्हां पावसांत रानांतच त्यास निजावें लागलें. पुढें एकदां चीड वृक्षांच्या बनांत, ताऱ्यांखालीं, त्याची रात्र इतकी सुखांत गेली कीं, सकाळीं निघतांना त्यानें मुक्कामाचें भाडें म्हणून कांहीं नाणीं हिरवळीवर ठेविलीं. बारा दिवसांच्या या प्रवासावरील त्याचें पुस्तक १८७९ सालीं प्रसिद्ध झालें.

१८९४ सालीं सामोआ बेटांत, अवघ्या चव्वेचाळीस वर्षांच्या वयांत, त्याचें देहावसान झालें.

बालमित्रांनो, बेत न आखतां निघणाऱ्यानेंही अंथरूण बरोबर न्यावें. आणि यजमान दिसला नाहीं, तरी त्याचें ऋण विसरूं नये.