डॉक्टर कमलाबाई सोहोनी
मिसळलेल्या पदार्थांतून सत्त्व वेगळे काढणाऱ्या विदुषीचे चरित्र

वाशीम जिल्ह्यातील आमच्या वाचकभगिनींस निवडणे, पाखडणे आणि चाळणे ही कामे कोणी शिकवावयास नकोत. तूर खळ्यावरून घरी आली म्हणजे सुपात खडा एकीकडे, फोल दुसरीकडे आणि दाणा तिसरीकडे होतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की गाळ तळाशी बसतो. दही घुसळले की लोणी वर येते. मिसळलेल्या वस्तू वेगळ्या करण्याची ही विद्या घरोघरी आहे. परंतु जे डोळ्यांस दिसत नाही व हातास लागत नाही, ते दुधातून किंवा डाळीतून वेगळे कसे काढावे? आणि काढल्यावर ते तेच आहे, हे कशावरून ओळखावे? हा प्रश्न रसायनशाळेचा आहे. त्यापायी आयुष्य वेचणाऱ्या एका महाराष्ट्रीय स्त्रीचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

कमलाबाईंचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंदूर येथे भागवतांच्या घरी झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या कमलाबाईंच्या वडील बहीण. अशा घरात वाढलेल्या मुलीस रसायनाची गोडी लागावी यात नवल नाही. मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी.ची परीक्षा त्या १९३३ साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि वडिलांच्याच संस्थेत पुढील संशोधन करावे म्हणून त्यांनी बंगळूरास अर्ज केला.

तेथे त्यांच्यापुढे भिंत उभी राहिली. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळविलेला हा थोर पुरुष. पण केवळ स्त्री म्हणून त्यांनी कमलाबाईंस प्रवेश नाकारला. कमलाबाई वडिलांस घेऊन बंगळूरास गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मागे हटेनात. शेवटी रामन यांनी कडक अटी घातल्या. एक वर्षपर्यंत त्यांचा प्रवेश कच्चा समजला जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीअपरात्रीही काम करावे लागेल, आणि त्यांच्यामुळे संस्थेतील पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान कमलाबाईंच्या मनात पुढे जन्मभर राहिला. तथापि अटी पत्करून त्या कामास लागल्या.

त्यांचे गुरू श्रीनिवासय्या हे शिस्तीचे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. हे काम कशा प्रकारचे असते ते थोडक्यात सांगतो. दुधात लिंबू पिळले असता चोथा व निवळी वेगळी होते. चोथ्यात केसीन नावाचे प्रथिन असते. ती निवळी गाळून तापविली तर आणखी एक पांढरा साका धरतो. तो दुसऱ्या प्रथिनांचा. म्हणजे जे एकच दूध वाटले, त्यात अनेक द्रव्ये निघाली. कोणते द्रव्य आम्लाने साकळते, कोणते उष्णतेने, कोणते क्षाराच्या दाट पाण्यात. हे ज्याचे त्याचे स्वभावभेद पाहूनच रसायनशास्त्री त्यांस वेगळे करतो. मग ओळख पटवावयाची. शेतकऱ्यांच्या परिचयाचे मोरचूद थोडेसे दाहक सोड्याच्या द्रावणाबरोबर घातले असता प्रथिनास जांभळा रंग चढतो. रंग आला तर ठीक. न आला तर मनात काहीही असो, ते प्रथिन नव्हे.

वर्ष संपले. ज्यांनी कमलाबाईंस कसोटीवर ठेविले होते, त्या रामन यांचीच खात्री पटली, आणि त्यानंतर इतर विद्यार्थिनींसही त्या संस्थेचे दार उघडले. आम्हांस वाटते की कमलाबाईंच्या साऱ्या कार्यात हे पहिले फळ लहान नव्हे. १९३६ साली त्यांनी विशेष गुणवत्तेने एम्. एस्‌सी. पदवी मिळविली.

पुढे शिष्यवृत्ती मिळून त्या इंग्लंडात केंब्रिज येथे गेल्या. हॉपकिन्स या थोर शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत जागा भरलेल्या होत्या. तेव्हा डॉक्टर रिक्टर यांनी आपले टेबल दिवसा कमलाबाईंस दिले व स्वतः रात्री काम केले. एका देशात दार लावून घेणारे भेटावे आणि दुसऱ्या देशात आपली बसण्याची जागा देणारे भेटावेत, असा हा योग. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्या वनस्पतींचा अभ्यास करू लागल्या. प्राण्यांच्या पेशींत श्वसनास साहाय्य करणारे सायटोक्रोम नावाचे रंगीत द्रव्य असते. ते वनस्पतींतही असते, हे कमलाबाईंनी बटाट्यावर काम करून दाखविले. असे द्रव्य ओळखण्याची रीत मोठी सुंदर आहे. त्यातून आरपार गेलेला प्रकाश काचेच्या लोलकाने फाकविला, तर इंद्रधनुष्यासारख्या पट्ट्यात ठरावीक जागी काळ्या रेघा दिसतात. ज्या द्रव्याच्या ज्या रेघा, त्या त्याच्याच. अवघ्या चौदा महिन्यांत चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ साली त्यांनी पीएच्. डी. पदवी मिळविली. विज्ञानात केंब्रिजची ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

परदेशी राहण्याचा मोह न धरता त्या त्याच वर्षी परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यक महाविद्यालयात व पुढे कुन्नूर येथील पोषण-संशोधनशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. तेथे संचालकपदही त्यांस बऱ्याच विलंबाने मिळाले.

मुंबईतील त्यांच्या कामाशी आमच्या शेतकरी वाचकांचा निकटचा संबंध आहे. कच्च्या कडधान्यांत प्रथिन विपुल असूनही ते नीट पचत नाही. याचे एक कारण असे की त्यांत पोटातील ट्रिप्सिन नावाच्या पाचक द्रव्यास अडविणारा एक पदार्थ असतो. सोयाबीनमधील असा पदार्थ अमेरिकेत कुनित्झ यांनी १९४५ साली स्फटिकरूपात वेगळा केला होता. आपल्या वालांतील असे पदार्थ कमलाबाईंनी आपल्या विद्यार्थ्यासह स्फटिकरूपात काढून १९५५ साली जगापुढे मांडले. स्फटिक होणे म्हणजे भेसळ गळून एकच वस्तू उरल्याची मोठी खूण होय. आज वाशीम जिल्ह्यात सोयाबीन फार पिकते. ते भिजवून चांगले शिजविले असता हा अडथळा बहुतांशी नाहीसा होतो. म्हणून मुलांस कच्चे किंवा अर्धे शिजलेले कधीही देऊ नये.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचेही पृथक्करण केले. तीत जीवनसत्त्वे व लोह आढळले, आणि अन्नावाचून कृश झालेली आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांस तिचा उपयोग होतो असे दिसून आले. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे येथील दूधप्रकल्पासही त्यांनी दूध नासू नये म्हणून सल्ला दिला.

निवृत्तीनंतरही हातातील चाळणी त्यांनी खाली ठेविली नाही. ग्राहकांच्या हितासाठी झटणाऱ्या कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या त्या १९८२-८३ साली अध्यक्ष होत्या, व तिच्या मासिकात सामान्य माणसासाठी लेख लिहीत. या शास्त्राचा घरगुती उपयोग किती सोपा आहे पाहा. दुधात पिठी मिसळल्याचा संशय आला तर थोडे दूध वेगळे उकळून थंड करावे व त्यात आयोडिनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात पिठी आहे असे समजावे. तपासलेले दूध मात्र फेकून द्यावे.

१९९८ साली दिल्लीत वैद्यक-संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या व लवकरच त्यांनी देह ठेविला. अकोल्यातून वेगळा होऊन आमचा वाशीम जिल्हा झाला तो याच वर्षी.

या बाईंपासून आम्ही काय घ्यावे? रसायनशाळेत कोणत्याही वस्तूस तिच्या बाह्य रूपावरून नाव देत नाहीत. आधी तपासतात, मग नाव देतात. कमलाबाईंस मात्र तपासण्यापूर्वीच नाव दिले गेले होते, आणि ते खोटे ठरविण्यास त्यांस एक वर्ष पणास लावावे लागले. आमच्या गावांतही कित्येक मुली अशाच न तपासता बाजूस टाकल्या जातात. सुपातील दाणा फोलाबरोबर उडून जाऊ नये म्हणून जी काळजी आम्ही घेतो, तितकी तरी आपल्या लेकींविषयी घ्यावी.