आधी प्रश्नावली तपासा

आल्फ्रेड बिने यांचा जन्म १८५७ मध्ये आजच्या फ्रान्समधील नीस येथे झाला. पदवी कायद्याची, मानसशास्त्र ते ग्रंथालयात बसून स्वतःच शिकले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात संमोहनावर काम करताना, लोहचुंबकाने रुग्णाची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, असे त्यांनी मांडले. प्रत्यक्षात, काय अपेक्षित आहे हे रुग्णांना आधीच कळत असे. टीका झाली आणि बिने यांनी चूक मान्य केली. विचारण्याच्या पद्धतीनेही उत्तर बदलते, हा धडा त्यांना मिळाला.

१९०५ मध्ये त्यांनी थेओडोर सिमाँ यांच्यासह ३० प्रश्नांची बुद्धिमापन चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत मिळावी, हा हेतू होता. १९०८ आणि १९११ मध्ये त्यांनी ती सुधारली. १९११ मध्येच त्यांचे निधन झाले. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवून १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. नुसते भाषांतर पुरणारे नव्हते.

आज नर्सिंग, वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांकडूनही ताणतणावाच्या, अभ्यास-सवयींच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. घरी अहिराणी बोलणाऱ्या साक्रीच्या मुलीला प्रश्नाचा अर्थच वेगळा लागला, तर तिला गरज असूनही मदत मिळणार नाही. म्हणून आधी प्रश्नावली तपासायची, मग विद्यार्थी.