आधी विश्वास, मग वेग!

लहानपणी ‘बाल्टो’ हा ॲनिमेशन सिनेमा बघितला असेल, तर बर्फात धावणारा तो कुत्रा तुम्हाला नक्की आठवत असेल. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळाही आहे. पण हा बाल्टो ज्याच्या ताफ्यातला होता, तो माणूस कोण? त्याचं नाव लिओनहार्ड सेपाला. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीतला त्या काळातला हा सर्वांत मोठा खेळाडू. आणि त्याचं करिअर सुरू झालं ते चक्क मैदान सोडून!

सोन्यासाठी आला, कुत्र्यांत रमला

सेपालाचा जन्म १८७७ चा, नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाचा. वडील मासेमारी करायचे आणि लोहारकामही. १९०० साली अलास्कातल्या नोम गावात सोनं सापडल्याची हवा होती. तिथे आधीच पैसा कमावलेला एक मित्र होता, जाफेट लिंडेबर्ग. त्याच्या भरवशावर सेपालाही पोचला. सोनं काही फारसं हाती लागलं नाही, पण मित्राच्या खाण कंपनीत नोकरी मिळाली, कुत्र्यांची स्लेज हाकायची.

स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी. हिवाळ्यात नोमचा समुद्र गोठायचा, जहाजं बंद व्हायची. मग टपाल, सामान, पेशंट, सगळं कुत्र्यांच्याच भरवशावर. गंमत म्हणजे या गाडीला लगाम नसतो. माणूस मागे उभा, कुत्रे पुढे, आणि दोघांमध्ये फक्त आवाज. डावीकडे, उजवीकडे, थांब, एवढंच. सगळ्यात पुढचा कुत्रा म्हणजे लीडर. त्याने हुकूम ऐकायचा. पण पुढे बर्फ पातळ असेल, तर हुकूम मोडायची हिंमतही त्याच्यात हवी. असा कॉन्फिडन्स मारून-मुटकून येत नाही, हे सेपालाला कळलं. पण त्याची किंमत आधी कुत्र्यांनी मोजली.

१९१४ : आयुष्यभराचा धडा

दक्षिण ध्रुव गाठणारा रोआल्ड आमुंडसेन आता उत्तरेच्या मोहिमेवर निघणार होता. त्याला भेट द्यायला लिंडेबर्गने सैबेरियन कुत्रे आणले आणि ट्रेनिंगसाठी सेपालाकडे सोपवले. पुढे मोहीम रद्द झाली आणि कुत्रे सेपालाकडेच राहिले. अलास्कातल्या दांडग्या कुत्र्यांपुढे हे अगदीच छोटे. गावातले लोक त्यांना हसायचे.

त्याच वर्षी सेपाला ‘ऑल अलास्का स्वीपस्टेक्स’ शर्यतीत उतरला. नोम ते कँडल आणि परत, ४०८ मैल म्हणजे साधारण ६५७ किलोमीटर. कुत्रे तरुण, वाट अनोळखी, तयारी अपुरी. वाटेत हिमवादळाने गाठलं. समोरचं काही दिसेना आणि टीम भरकटत थेट समुद्रावरच्या एका कड्याकडे निघाली. लीडर सुगनने शेवटच्या क्षणी आवाज ऐकला, टीम वळली आणि सगळे वाचले. पण निसरड्या बर्फात पाय रोवताना कुत्र्यांची नखं उखडली होती, पंजे फाटले होते.

सेपालाने शर्यत सोडली. हरल्याचं दुःख होतंच. पण त्याला जास्त लागलं ते दुसरंच. कुत्रे आपल्या शब्दावर धावले आणि आपण त्यांना तयार न करताच उतरवलं, ही अपराधी भावना त्याच्या मनातून गेली नाही.

चोरून सराव, पण घाई नाही

पुढच्या मोसमासाठी त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेआड सराव सुरू केला. आधी थोडं अंतर, मग हळूहळू जास्त. उन्हाळ्यात बर्फ नसला तरी कुत्रे बसून राहायचे नाहीत. नोमजवळच्या रेल्वे रुळांवरून ते चाकांची ट्रॉली ओढायचे. लोक गमतीने तिला ‘पपमोबील’ म्हणायचे!

यातली आयडिया साधी आहे. दम लवकर वाढतो. पण पंजे, सांधे, स्नायूबंध मजबूत व्हायला वेळ लागतो. आणि एकदा घाबरलेला कुत्रा पुढच्या वेळी त्याच जागी अडतो. आज रील्समध्ये आपण बघतो त्या ॲजिलिटी स्पर्धा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या, बोगदे, सी-सॉ, यांची सुरुवात बरीच नंतरची, १९७८ ची, लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमधली. तिचा सेपालाशी थेट संबंध नाही. पण तिथेही क्रम हाच. आधी उडीची दांडी खाली ठेवायची, बोगदा आखूड आणि सरळ, सी-सॉ हाताने धरून अलगद टेकवायचा. कुत्र्याला जमतंय असं वाटायला लागलं, की वेग आपोआप येतो.

सेपालाचा रिझल्ट? १९१५, १९१६ आणि १९१७, सलग तीन विजेतेपदं. ज्यांना हसले होते, त्याच छोट्या कुत्र्यांच्या जोरावर.

नापास झालेला टोगो

त्याच्या ताफ्यात टोगो नावाचं एक पिल्लू होतं. किरकोळ, सतत आजारी, त्यात खोडकर. हा कामाचा नाही म्हणून सेपालाने त्याला पाळायला देऊन टाकलं. पठ्ठ्या काचेच्या खिडकीतून उडी मारून काही मैल पळत परत आला! मग रोज टीमच्या मागे लागायचा, मोठ्या कुत्र्यांना छळायचा. शेवटी वैतागून सेपालाने आठ महिन्यांच्या टोगोला जुंपलं, तर तो पहिल्याच दिवशी ७५ मैल धावला. आपण याला ओळखण्यात चुकलो, हे सेपालाने मान्य केलं. टोगो त्याचा लीडर झाला.

आणि मग १९२५

जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. मुलं दगावत होती. सीरम होतं ६७४ मैल, म्हणजे जवळपास १०८५ किलोमीटर दूर, नेनाना स्टेशनवर. ठरलं की स्लेजची रिले करायची. २० चालक, सुमारे १५० कुत्रे.

सर्वांत अवघड टप्पा सेपालाकडे. तेव्हा तो ४७ वर्षांचा, टोगो १२ चा. सेपालाची एकुलती मुलगी सिग्रिड नोममध्येच होती, आठ वर्षांची. सीरम घ्यायला तो नोमहून सुमारे १७० मैल उलट गेला आणि ते घेऊन ९१ मैल परत धावला. वाटेत नॉर्टन साउंडची गोठलेली खाडी, तीही दोनदा ओलांडायची. तापमान उणे ३४ अंशांच्या आसपास, वर वादळी वारा, पायाखालचा बर्फ कधी फुटेल याचा नेम नाही. रात्रीच्या अंधारात सेपालाला वाट दिसत नव्हती. टोगोला सापडत होती. अकरा वर्षांपूर्वी वादळात भरकटलेला माणूस आता वादळातच कुत्र्यावर सगळं सोपवून मागे उभा होता.

श्रेय गेलं दुसऱ्याला

शेवटचा टप्पा धावला गुन्नार कासेन, सेपालाच्याच कंपनीतला सहकारी. त्याचा लीडर होता बाल्टो. २ फेब्रुवारीच्या पहाटे ते नोममध्ये शिरले. ज्याने सीरम पोचवलं, तोच हिरो! वर्ष संपायच्या आत बाल्टोचा पुतळाही उभा राहिला. सेपालाला हे फार लागलं. स्वतःसाठी नाही, टोगोसाठी. पुढच्या वर्षी तो टोगोला घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तिथे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आमुंडसेननेच टोगोच्या गळ्यात सुवर्णपदक घातलं. थकलेल्या टोगोला सेपालाने शेवटी मेन राज्यात एका मैत्रिणीच्या घरी निवांत राहायला ठेवलं. १९२९ मध्ये टोगो गेला. त्याच्यावरचा मोठा सिनेमा यायला २०१९ उजाडलं.

सेपाला मात्र धावत राहिला. १९३२ च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लेज शर्यत प्रदर्शनीय खेळ म्हणून झाली, तिथे तो दुसरा आला. तेव्हा त्याचं वय होतं ५४. १९६७ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी तो गेला.

आज अलास्कात दरवर्षी ‘इडिटारॉड’ ही मोठी स्लेज शर्यत होते. तिथे सेपालाच्या नावाने एक पुरस्कार देतात. तो पहिल्या येणाऱ्यासाठी नाही. चांगली शर्यत धावूनही ज्याने आपल्या कुत्र्यांची सगळ्यात जास्त काळजी घेतली, त्या चालकाला तो मिळतो.