फलकनुमाचा पहिला मालक

नांदेड-लातूरकडच्या माणसाला हैदराबाद कधी परकं वाटत नाही. मोठा दवाखाना असो, लग्नाची खरेदी असो की आयटीतली नोकरी, आपली धाव तिकडेच. १९४८ पर्यंत आपला सगळा भाग निजामाच्या राज्यातच होता ना! पण चारमिनार आणि बिर्याणी झाली की आपलं हैदराबाद संपतं. म्हणून नवाब विकार-उल-उमरा यांच्याबद्दल थोडंसं. सिव्हिलवाल्यांनी तर वाचाच.

जन्म १८५६ चा, पायगा घराण्यात. हे घराणं मान-मरातबात निजामाच्या खालोखाल. सैन्य बाळगायचं आणि त्याच्या खर्चासाठी जहागिरी मिळवायच्या, असा त्यांचा रिवाज. लग्न झालं ते सहावे निजाम महबूब अली खान यांच्या बहिणीशी. म्हणजे राजाचे थेट मेहुणे!

युरोप बघून आलेल्या या माणसाला तसाच महाल हवा होता. चारमिनारपासून जेमतेम पाच किलोमीटरवरच्या टेकडीवर ३ मार्च १८८४ रोजी पाया घातला गेला. नाव ठेवलं फलकनुमा, म्हणजे आकाशाचा आरसा. आर्किटेक्ट विल्यम वॉर्ड मॅरेट हा इंग्रज. वरून पाहिलं तर आकार विंचवासारखा. संगमरवर इटलीचा, लायब्ररी इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यातल्यासारखी, आणि जेवणाच्या टेबलावर एकाच वेळी १०१ पाहुणे. काम नऊ-दहा वर्षं चाललं. खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला असं सांगतात, तेही त्या काळच्या चाळीस लाखांच्या! आपण एस्टिमेटिंगच्या पेपरात पाच टक्के कंटिन्जन्सी धरतो, इथे पाचशे टक्केही पुरले नसते. एवढ्या मोठ्या जहागिरीचा धनी कर्जात बुडाला.

१८९३ मध्ये ते राज्याचे दिवाण झाले, पण कर्ज काही फिटेना. १८९७ च्या सुमारास निजाम तिथे पाहुणे म्हणून आले आणि महालावर खूश झाले. मग नवाबाने महालच त्यांना नजर केला, आणि निजामाने त्याबद्दल पैसे दिले. याला नजराणा म्हणायचं की विक्री? मला तर ही अब्रू राखून केलेली विक्रीच वाटते. मेहुण्याची लाजही राहिली आणि सावकारही शांत झाले.

बरं, माणूस सुधारला का? छे! लगेच बेगमपेठेत दुसरा महाल, शेजारी स्पेनच्या धर्तीची मशीद.

मात्र त्यांना नुसते उधळे ठरवणं मला पटत नाही. हैदराबादहून नांदेड, परभणीवरून मनमाडला जाणारी रेल्वे त्यांच्याच दिवाणगिरीत झाली. सुट्टीत आपण जिच्यावरून घरी जातो तीच ही लाईन, फक्त तेव्हा मीटर गेज होती. पण त्याच काळात, १८९९-१९०० मध्ये, मराठवाड्यात भयंकर दुष्काळ पडला होता, हेही विसरता येत नाही. एकीकडे इटलीचा संगमरवर, दुसरीकडे आपल्याकडची कोरडी शेतं. या दोन गोष्टी एकत्र मांडल्या की डोकं जड होतं.

१९०१ मध्ये दिवाणपद गेलं, आणि १९०२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. स्पॅनिश मशीद त्यांच्या मागे १९०६ मध्ये पूर्ण झाली. फलकनुमातच १९११ मध्ये निजाम महबूब अली खान यांनीही शेवटचा श्वास घेतला. नंतर महाल बरीच वर्षं बंद पडून होता. २०१० पासून तिथे ताजचं हॉटेल आहे. एका रात्रीचं भाडं आपल्या अख्ख्या सेमिस्टरच्या मेसबिलापेक्षा जास्त!