कोशकार सर जॉर्ज ग्रोव्ह

मोठ्या गायकांविषयी लोक पुष्कळ गोष्टी सांगतात. कोणाच्या गाण्याने दिवे लागले, तर कोणाच्या गाण्याने पाऊस पडला! अशा कथा ऐकायला गोड वाटतात. पण त्या गायकाचा जन्म कधी झाला, तो कोणाकडे शिकला, त्याने काय काय रचले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. कथा उरते आणि माणूस हरवतो. संगीतकारांची खरी हकीकत हरवू नये म्हणून इंग्लंडमधील एका गृहस्थाने फार मेहनत घेतली. त्यांचे नाव सर जॉर्ज ग्रोव्ह. नवलाची गोष्ट अशी, की ते पेशाने संगीतकार नव्हते, इंजिनिअर होते.

जॉर्ज ग्रोव्ह यांचा जन्म १३ ऑगस्ट १८२० रोजी लंडनजवळील क्लॅपहॅम येथे झाला. त्यांचे वडील मासळीचे व्यापारी होते. शाळा सोडल्यावर जॉर्ज एका इंजिनिअरच्या हाताखाली काम शिकू लागले. पुढे जमैका बेटावर लोखंडी दीपगृह उभारण्याचे काम त्यांनी केले. वेल्समधील प्रसिद्ध ब्रिटानिया पुलाच्या कामावरही ते होते. इंजिनिअरच्या कामात अंदाज चालत नाही. प्रत्येक गोष्ट मोजून, तपासून पाहावी लागते. ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

संगीताचे वेड त्यांना तरुणपणापासूनच होते. ब्रिटिश म्युझियममध्ये बसून ते जुन्या रचना हाताने उतरवून घेत. १८५२ मध्ये ते क्रिस्टल पॅलेस या संस्थेचे चिटणीस झाले. काच आणि लोखंड यांनी बांधलेल्या तिच्या भव्य इमारतीत संगीताच्या मैफली होत. श्रोत्यांना संगीत नीट समजावे म्हणून ग्रोव्ह त्या रचनांची व रचनाकारांची माहिती सोप्या भाषेत लिहून देऊ लागले. हे काम त्यांनी सुमारे चाळीस वर्षे केले.

लिहिता लिहिता त्यांना एक उणीव जाणवली. संगीत आणि संगीतकार यांची भरवशाची माहिती सामान्य वाचकाला एकत्र मिळेल, असे पुस्तक इंग्रजीत नव्हते. शूबर्ट हा ऑस्ट्रियाचा थोर संगीतकार १८२८ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला. त्याच्या कितीतरी रचना छापल्याच गेल्या नव्हत्या. त्या कोठे आहेत, हे पाहण्यासाठी १८६७ मध्ये ग्रोव्ह आपले मित्र, संगीतकार आर्थर सलिव्हन यांच्याबरोबर व्हिएन्ना शहरी गेले.

तेथे शूबर्टचे भाचे डॉक्टर श्नायडर राहत होते. 'रोझामुंडे' या नाटकाच्या संगीताचा काही भाग सापडत नव्हता. ग्रोव्ह यांनी पुन्हा पुन्हा चौकशी केली आणि शेवटी घरातले कपाट स्वतः शोधण्याची परवानगी मागितली. कपाट धुळीने भरले होते. त्या धुळीत एक गठ्ठा हाती लागला. उघडून पाहतात तो काय! ज्या कागदांवरून वादकांनी १८२३ मध्ये 'रोझामुंडे'चे संगीत वाजवले होते, तेच ते कागद! चव्वेचाळीस वर्षे ते तसेच पडून होते. आणखी काही वर्षे कोणी आले नसते, तर कदाचित ते रद्दीत गेले असते. त्या रात्री दोन वाजेपर्यंत दोघे मित्र नकला उतरवत बसले.

यानंतर ग्रोव्ह यांनी संगीत व संगीतकार यांचा कोश तयार करायला घेतला. दोन खंडांत संपेल असे वाटलेले काम चार खंडांचे झाले. ते १८७९ ते १८८९ या काळात प्रसिद्ध झाले. अनेक जाणकारांनी त्यासाठी लेख लिहिले. लेखाखाली लेखकाच्या नावाची आद्याक्षरे असत. त्यामुळे कोणती माहिती कोणी दिली, याची जबाबदारी ठरलेली असे. बेथोव्हन, मेंडेल्सन आणि शूबर्ट यांच्यावरील मोठे लेख ग्रोव्ह यांनी स्वतः लिहिले.

परंतु चरित्र लिहिणाऱ्यापुढे एक अडचण नेहमी असते. ज्याच्यावर आपले प्रेम असते, त्याच्याविषयी किती लिहावे आणि काय खरे मानावे? ग्रोव्ह यांच्यासारख्या काटेकोर माणसालाही ही अडचण आली. मेंडेल्सन त्यांचा आवडता. त्याला कोशात कितीतरी पाने मिळाली, तर बाखसारख्या महान संगीतकाराला थोडीच. शूबर्टची १८२५ मधील एक सिंफनी हरवली आहे, असेही ग्रोव्ह मानत. पुढे अभ्यासकांनी जुन्या हस्तलिखितांचे कागद तपासले. तेव्हा दिसून आले की ती हरवलेली नव्हतीच. ज्या रचनेला सारे जग शूबर्टची मोठी सिंफनी म्हणून ओळखते, तीच ती होती. ग्रोव्ह यांचा तर्क अशा रीतीने पुराव्यानेच दुरुस्त झाला.

१८८३ मध्ये लंडनला रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले. ग्रोव्ह त्याचे पहिले संचालक झाले. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १८९४ मध्ये ते निवृत्त झाले. २८ मे १९०० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा कोश मात्र वाढतच राहिला. १९८० मध्ये त्याची वीस खंडांची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात भारतीय संगीतावरही मोठा लेख होता. त्याच आवृत्तीत कोणी तरी गंमत म्हणून एका डॅनिश संगीतकाराचे चरित्र घुसवले. असा संगीतकार कधी जन्मलाच नव्हता! चूक लक्षात येताच तो लेख काढून टाकण्यात आला. छापलेले सगळेच खरे नसते, हे यावरून कळते. २००१ मध्ये कोशाचे एकोणतीस खंड झाले आणि तो संगणकावरही वाचता येऊ लागला.

आज कोशातील मूळ लेख बहुतेक बदलले आहेत, पण कोश ग्रोव्ह यांच्याच नावाने ओळखला जातो. कलावंतावर प्रेम करणारे पुष्कळ असतात. त्या प्रेमापोटी धुळीच्या कपाटात हात घालून पुरावा शोधणारे थोडे असतात. ग्रोव्ह त्या थोड्यांपैकी एक होते.